अहवाल मंजूर, पण कळला कोणाला?

दरवर्षी सप्टेंबर महिन्याच्या सुमारास सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील सहकारी साखर कारखान्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा भरतात. मांडव पडतो, अध्यक्षांचे भाषण होते, विषयपत्रिका वाचली जाते आणि ‘मंजूर, मंजूर’च्या गजरात कोट्यवधींचे निर्णय होऊन जातात. विस्ताराचा विषय असला, तर सल्लागारांच्या प्रकल्प अहवालाचा सारांशही ऐकविला जातो. गाळपक्षमता वाढवावी, आसवनी उभारावी, त्यासाठी कर्ज काढावे, असा त्याचा निष्कर्ष असतो. हा निष्कर्ष कदाचित बरोबरही असेल. प्रश्न असा आहे की, मालकापुढे एकच पर्याय ठेवला, तर त्याला शिफारस म्हणावयाचे की हुकूम?

गाळपक्षमतेचेच उदाहरण घ्यावे. गाळप वाढले की टनामागे खर्च घटतो, हा युक्तिवाद कारखान्याच्या फाटकाच्या आतपुरता खरा आहे. कारखान्याची भूक वाढली की ऊस दुरून आणावा लागतो. महाराष्ट्रात तोडणी-वाहतुकीचा खर्च उसाच्या दरातून वजा होतो, आणि तो सरासरीने. म्हणजे दूरच्या उसाच्या वाहतुकीचा भार कुंपणालगत शेत असलेल्या सभासदावरही पडतो. 2025-26 च्या हंगामासाठी केंद्राने 10.25 टक्के उताऱ्याला टनामागे 3,550 रुपये रास्त व किफायतशीर दर ठरविला. विस्तारानंतर त्यातून किती वजा होईल, हा आकडा सभासदाला सर्वांत आधी सांगावयास हवा.

आसवनीचेही तसेच. 7 डिसेंबर 2023 रोजी, हंगाम ऐन भरात असताना, केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास मनाई केली. आठवडाभरात ती काही प्रमाणात सैल झाली आणि पुढील वर्षासाठी ऑगस्ट 2024 मध्ये उठली. इथेनॉलच्या भरवशावर काढलेल्या कर्जाचे व्याज मात्र तोवर थांबले नाही. सरकारचे धोरण एका रात्रीत फिरले तर हप्ता कोठून भरणार, याचे उत्तर ज्या अहवालात नाही, तो अहवाल अपुरा आहे.

यावर ठरलेला आक्षेप असा की, सभासदाला ताळेबंद कळत नाही. याच मातीतील खेड्यांनी 1943 ते 1946 या काळात प्रतिसरकार चालविले, लोकन्यायालये भरवून निवाडे केले. त्यांच्या नातवंडांना व्याज आणि वाहतूक कळणार नाही काय? गुंठ्यागुंठ्याचा उतारा तोंडपाठ असलेला शेतकरी अडाणी नाही. त्याच्यापुढे हिशेब त्याच्या भाषेत मांडला जात नाही, एवढेच. आणि चुकीची किंमत शेवटी तोच मोजतो. सांगलीचा वसंतदादा शेतकरी सहकारी साखर कारखाना कर्जाच्या ओझ्याखाली 2017 मध्ये भाडेतत्त्वावर खासगी कंपनीच्या हाती गेला. तेथे सभासदाचा भाग कागदावर राहिला. कारभारातील त्याचा शब्द गेला.

आणखी एक गोष्ट. कारखान्याच्या भवितव्याचा विचार मांडताना कामगार समोर नसतो, आणि बीडकडून येऊन पालात राहणारा ऊसतोड मजूर तर हिशेबातही नसतो. विस्तार म्हणजे त्याच्या कोयत्यावर अधिक भार. त्याच्या मजुरीचे, निवाऱ्याचे, मुलांच्या शाळेचे काय, हा प्रश्न प्रकल्प अहवालाच्या बाहेरचा मानणे ही समाजवाद्यांना मान्य होण्यासारखी गोष्ट नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी सभेच्या दिवशी घोषणा देण्यापूर्वी सभेआधीचे काम हाती घ्यावे. प्रकल्प अहवालाचा मराठी सारांश दोन आठवडे आधी गावोगाव मागावा. त्यात तीन आकडे असावेत: कर्जाचा टनामागील बोजा, बदललेला तोडणी-वाहतूक खर्च आणि विस्तार न केल्यास मिळणारा दर. गटागटाने चावडीवर त्याचे वाचन करावे, प्रश्न लेखी द्यावेत, उत्तरे इतिवृत्तात नोंदवून घ्यावीत. सहकारात भाग कितीही असोत, मत एकच असते. ते मत समजून दिले गेले, तरच कारखाना सभासदांचा राहील. अन्यथा मांडवातील गजर हीच सहकाराची श्रद्धांजली ठरेल.