विश्लेषण : मानसिक आरोग्यसेवेसाठी एमएसडब्ल्यू पुरेसे आहे का?

निसर्ग चक्रीवादळाने ३ जून २०२० रोजी श्रीवर्धन, मुरूड परिसरातील नारळी-पोफळीच्या बागा काही तासांत आडव्या केल्या. नवी पोफळ उत्पन्न देईपर्यंत काही वर्षे जातात. झाडांचे, घरांचे पंचनामे झाले. बागायतदाराची उडालेली झोप मात्र कोणत्याच रकान्यात बसली नाही.

हे काम कोणाचे?

मनोविकारतज्ज्ञ निदान करून औषधे देतात. औषध नियमित घेतले जाते का, घरात कर्ज किंवा दारूचा ताण आहे का, अपंगत्वाचे प्रमाणपत्र कसे मिळेल, हे सायकिअॅट्रिक सोशल वर्कर पाहतो. राज्यातील चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीत आहेत. रायगडात एकही नाही. त्यामुळे घरापर्यंत पोहोचणारा हा माणूस इथे अधिक गरजेचा आहे.

शिक्षण कुठे मिळते?

समाजकार्याची पदव्युत्तर पदवी जवळच, मुंबईत मिळते. टाटा सामाजिक विज्ञान संस्था १९३६ पासून, तर निर्मला निकेतन १९५५ पासून हे शिक्षण देत आहे.

मग अडचण काय?

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार सायकिअॅट्रिक सोशल वर्कर म्हणवून घेण्यासाठी या पदवीनंतर दोन वर्षांचे पूर्णवेळ एम.फिल. लागते. मात्र यूजीसीने २०२२ च्या नियमांनी एम.फिल. बंद केले. या विषयाला मुदतवाढ मिळाली, तीही २०२५-२६ या सत्रापुरतीच. म्हणजे कायदा ज्या दारातून यायला सांगतो, तेच दार बंद होत आहे.

घाई कशासाठी?

लोकसंख्येच्या प्रमाणात पुरेसे तज्ज्ञ मिळावेत यासाठी सरकारांनी दहा वर्षांत प्रयत्न करावेत, असे याच कायद्याचे कलम ३१ सांगते. कायदा २९ मे २०१८ रोजी लागू झाला. ही मुदत २०२८ मध्ये संपते.

काय व्हायला हवे?

एम.फिल.ची जागा घेणाऱ्या अभ्यासक्रमाला कायद्यात स्पष्ट स्थान हवे. त्याचे प्रशिक्षण अलिबागचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि किनाऱ्यावरील ग्रामीण रुग्णालयांतही व्हावे. इथली मुले इथेच शिकली, तर इथेच टिकण्याची शक्यता वाढते. विद्यार्थ्यांनीही शुल्क भरण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : ही पदवी २०१७ च्या कायद्यात बसते का?

(मानसिक त्रासात मदतीसाठी ‘टेली-मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक २४ तास उपलब्ध आहे.)