छापण्याआधी कुणी वाचलंय का?

सिद्धेश्वरच्या धरणावर उभं राहिलं की पाणी कुठून येतं नि कुठं जातं, हे तिथल्या चौथीतल्या पोरालाही ठाऊक असतं. वर जिंतूर तालुक्यात येलदरी. तिथून पूर्णेचं पाणी खाली सिद्धेश्वरला आणि सिद्धेश्वरहून कालव्यानं पुढं रानारानात.

आता समजा, औंढ्याच्या किंवा हिंगोलीच्या कॉलेजात शिकणाऱ्या कुणीतरी या धरणावर लहान मुलांसाठी गोष्ट लिहिली. चित्रं मैत्रिणीनं काढली. थोडे साठवलेले, थोडे मामाकडून घेतलेले पैसे घालून पाचशे प्रती छापून घेतल्या. प्रकाशन झालं, शाल-श्रीफळ झालं, सगळ्यांच्या स्टेटसला फोटो लागले. आणि पुस्तकाच्या सातव्या पानावर छापलंय, की सिद्धेश्वर भरलं की पाणी येलदरीत सोडतात!

पाणी वर चढवणाऱ्या या पुस्तकाला सिद्धेश्वरची पोरं हसतील. मग ते बंद करतील आणि पुन्हा उघडणार नाहीत. मोठी माणसं लेखकाचा मान ठेवून चूक पोटात घालतात, मुलं तसलं काही करत नाहीत.

हे उदाहरण कल्पनेतलं आहे, पण तुमच्यापैकी अनेकांनी असं पुस्तक हातात घेतलेलं असेल. एखाद्या सरांनी भेट दिलेलं, गुळगुळीत कव्हरचं, आत मात्र पानोपानी वेलांट्या घसरलेल्या. स्वतःच्या पैशानं पुस्तक काढणं आज सोपं झालंय. टाइप करायला मोबाइल पुरतो, मांडणी करून देणारे डीटीपीवाले तालुक्याला मिळतात, डिजिटल छपाईत शंभर-दोनशे प्रतीही निघतात. ‘पॅकेज’ देणारे प्रकाशकही आहेत. इतके पैसे भरा, इतक्या प्रती, कव्हर, आयएसबीएन, सगळं आमच्याकडं.

यात एक गोम आहे. जुन्या पद्धतीच्या प्रकाशनात पैसे प्रकाशकाचे लागतात. पुस्तक पडून राहिलं तर फटका त्याला बसतो. म्हणून तो आधी वाचतो, वाचून घेतो, परत पाठवतो, ‘हे प्रकरण काढा’ म्हणतो. पॅकेजात पैसे तुमचे असतात. प्रती तुमच्या पलंगाखाली पोत्यात राहिल्या तरी समोरच्याचं काही बिघडत नाही, त्याचं काम छपाईबरोबर संपलेलं असतं. सगळेच पॅकेजवाले फसवे असतात असं मला म्हणायचं नाही. पण तुम्हाला ‘नाही’ म्हणण्यासाठी त्यांच्याकडं काही कारणच नसतं. म्हणून स्वतः पुस्तक काढणाऱ्याला ‘नाही’ म्हणणारं माणूस स्वतःच शोधावं लागतं, आणि त्याला त्या कामाचे पैसेही द्यावे लागतात. त्या माणसाला संपादक म्हणतात.

आयएसबीएनबद्दल जाता जाता. हा क्रमांक भारतात राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सीकडून मिळतो आणि त्यासाठी सरकार शुल्क घेत नाही. तो पुस्तकाच्या ओळखीचा आकडा आहे, दर्जाचा शिक्का नव्हे. ‘आयएसबीएनसह’ असं जाहिरातीत ठळक लिहिलेलं दिसलं तर भारावून जाऊ नका.

मग संपादक करतो तरी काय? बहुतेकांना वाटतं, ऱ्हस्व-दीर्घ तपासतो. ते काम मुद्रितशोधकाचं, आणि ते सगळ्यात शेवटी येतं. महामंडळाचे १९६२चे चौदा आणि १९७२चे चार असे अठरा नियम पाळले म्हणून गोष्ट चांगली होत नाही. संपादक त्याच्या खूप आधी कामाला लागतो. एक नमुना बघू. हे वाक्य मीच रचलंय, पण अशी वाक्यं तुम्ही भरपूर वाचली असणार:

‘श्रावण महिन्यातील एका रम्य प्रभाती सृष्टिसौंदर्याने नटलेल्या सिद्धेश्वर या गावामध्ये राहणारा गोलू नावाचा एक अत्यंत हुशार, प्रामाणिक व कष्टाळू मुलगा आपल्या आजोबांसमवेत शेतामध्ये हळद काढण्यासाठी निघाला होता.’

शुद्धलेखनाची एकही चूक नाही. आता संपादकाची पेन्सिल बघा. पहिला प्रश्न: श्रावणात हळद काढतात? आपल्याकडं हळद लागते मे-जूनमध्ये आणि काढणी होते जानेवारीपासून पुढं. हिंगोली-वसमतच्या पोराला हे कुणी शिकवावं लागत नाही. म्हणजे पहिल्याच ओळीत लेखकावरचा विश्वास गेला. दुसरा प्रश्न: सात वर्षांचं मूल हे वाक्य एका दमात वाचेल? क्रियापदापर्यंत पोचता पोचता गोलूचं नाव विसरलेलं असेल. तिसरा प्रश्न: गोलू हुशार आहे हे तुम्ही सांगताय, पण गोलूनं तसं काय केलं? आणि चौथा, जरा कडू प्रश्न: ‘रम्य प्रभाती’ हे तुमचे शब्द की पाठ्यपुस्तकातल्या निबंधाचे?

हे प्रश्न लेखकाकडं परत जातात. चांगला संपादक स्वतः लिहून देत नाही, लेखकाकडून लिहून घेतो. समजा, लेखकानं पुन्हा बसून हे लिहिलं:

‘गोलू आजोबांच्या मागं मागं हळदीच्या रानात गेला. आजोबांनी कुदळ मारली. माती फुटली. आतून एक पिवळा पंजा वर आला.
“आबा, जमिनीला हात असतात?” गोलूनं विचारलं.’

‘हुशार’ हा शब्द गेला आणि पोरगा हुशार झाला. श्रावणही गेला, कारण त्याची गरजच नव्हती.

इथं आपल्या भागातल्या लेखकाचा एक जुना धसका येतो. पुण्या-मुंबईचा संपादक आपली भाषा पुसून टाकेल, हा. धसका अगदीच खोटा नाही. गोलूची आई ‘काय करायलास रे?’ असं विचारत असेल आणि कुणी ते ‘काय करत आहेस रे?’ करून ठेवलं, तर त्या घरातली आई गेली, तिच्या जागी रेडिओवरची बाई आली. असं करणाऱ्याला मी चांगला संपादक म्हणणार नाही. पण उलट बाजूही आहे. एकाच पानावर आई ‘करायलास’ म्हणते आणि पुढच्या पानावर तीच आई ‘करतोयस’ म्हणते, हे लेखकाच्या लक्षात येत नाही, कारण तो दोन्ही भाषा रोज बोलतो. संपादक थांबवतो आणि विचारतो, नक्की काय ठरवलंय? निवेदन प्रमाण आणि संवाद बोलीत? की सगळंच बोलीत? काहीही ठरवा, पण शेवटच्या पानापर्यंत तेच ठेवा.

मुलांच्या पुस्तकात आणखी एक हिशेब असतो, जो मोठ्यांच्या कादंबरीत नसतो. पानांचा. छपाई फर्म्यात होते, म्हणून चित्रपुस्तकं साधारण १६, २४ किंवा ३२ पानांची असतात. गोष्ट २७ पानांत संपली तर उरलेल्या पानांवर लेखकाचा परिचय आणि मान्यवरांचे अभिप्राय येऊन बसतात, जे कुठलंही मूल वाचत नाही. पान उलटणं हीसुद्धा गोष्टीचीच जागा आहे. ‘झुडपातून कोण आलं?’ हा प्रश्न आणि ससा समोरासमोरच्या पानांवर असतील तर मजा संपली. ससा पान उलटल्यावर दिसायला हवा. शिवाय चित्रात लाल फ्रॉक दिसत असेल तर ‘तिनं लाल फ्रॉक घातला होता’ हे वाक्य कशाला? शब्द आणि चित्र दोन्हींकडं एकत्र बघणारी तिसरी नजर लागते. लेखक आपल्या शब्दांवर खूश असतो आणि चित्रकार आपल्या चित्रांवर.

याचं जगातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण सव्वाशे वर्षांपूर्वीचं आहे. बीअ‍ॅट्रिक्स पॉटर या इंग्रज बाईनं १८९३ मध्ये एका आजारी मुलाला पत्रातून पीटर नावाच्या सशाची गोष्ट लिहून पाठवली. पुढं तिचं पुस्तक करायचं ठरवलं, तर प्रकाशकांनी नकार दिले. तिनं डिसेंबर १९०१ मध्ये स्वतःच्या पैशानं २५० प्रती छापल्या. आजच्या भाषेत सेल्फ-पब्लिशिंगच. त्यानंतर फ्रेडरिक वॉर्न आणि कंपनी तयार झाली, पण अटी घालून. चित्रं रंगीत करा म्हणाले. ४२ चित्रांची ३२ करा म्हणाले, आणि कुठली काढता येतील त्यावर खुणाही केल्या. दरम्यान पॉटरच्या ओळखीतल्या एका पाद्रीबाबांनी तीच गोष्ट पद्यात रचून दिली होती. वॉर्नवाल्यांनी ते पद्य बाजूला ठेवलं आणि पॉटरचं साधं गद्यच हवं म्हणून सांगितलं. ऑक्टोबर १९०२ मध्ये पुस्तक आलं. पहिली छपाई ८,००० प्रतींची होती, आणि ते पुस्तक आजही विकलं जातंय.

या गोष्टीतलं मला आवडणारं वेगळंच आहे. लहान मुलाच्या हातात मावेल असं छोटं पुस्तक हवं, हा हट्ट पॉटरचा होता आणि तो टिकला. म्हणजे सगळंच ऐकायचं नसतं. संपादकाचं कुठलं ऐकायचं आणि कुठं पाय रोवायचे, हे लेखकाला कळावं लागतं.

मराठीत संपादनाची परंपरा कमी नाही. ‘मौज’चे श्री. पु. भागवत आणि ‘सत्यकथे’चे राम पटवर्धन यांच्याबद्दल तुमच्या मराठीच्या सरांनी सांगितलं असेल. याच पटवर्धनांनी ‘पाडस’ हा अनुवाद केला, जो कित्येक मराठी घरांतल्या मुलांनी वाचलाय. मुलांच्या साहित्यात भा. रा. भागवतांनी ‘बालमित्र’ मासिक स्वतःच्या हिमतीवर चालवलं. ते काही वर्षांनी बंद पडलं, पण भागवत स्वतः लेखकही होते आणि संपादकही, दोन्ही बाजू त्यांना माहीत होत्या. माधुरी पुरंदरे यांचंही तसंच. त्या लिहितात, चित्रं काढतात आणि ‘वाचू आनंदे’सारखी संपादित पुस्तकंही त्यांनी केली. २०१६ मध्ये टाटा ट्रस्टच्या ‘पराग’चा पहिला बिग लिटल बुक पुरस्कार त्यांना मिळाला. आणि हे सगळं पुण्यातच घडतं असंही नाही. २०२५चा साहित्य अकादमीचा मराठीचा बालसाहित्य पुरस्कार नांदेडच्या डॉ. सुरेश सावंत यांच्या ‘आभाळमाया’ला मिळालाय.

आता पैशाचं बोलू. संपादकाला पैसे द्यायचे म्हटलं की पहिली प्रतिक्रिया येते, ‘छपाईलाच पुरत नाहीत!’ माझं मत सरळ आहे. पाचशेऐवजी तीनशे प्रती छापा आणि उरलेल्या पैशातून संपादन करून घ्या. दोनशे प्रती पोत्यात राहणारच असतील तर त्या न छापलेल्या बऱ्या. पैसे देण्याआधी दोन पानांचं नमुना संपादन मागा. मुलांची कुठली पुस्तकं केलीत ते विचारा आणि ती बघा. प्रबंध तपासणारा माणूस मुलांची गोष्ट तपासू शकेलच असं नाही. किती फेऱ्या होतील, मुद्रितशोधन यातच आहे की वेगळं, पुस्तकाचे हक्क कुणाकडं राहतील, हे कागदावर घ्या.

संपादन केलं म्हणजे पुस्तक खपेल का? नाही, तशी हमी कुणी देऊ शकत नाही. वितरण हे वेगळंच दुखणं आहे. पण मुलांचं पुस्तक मोठ्यांच्या हातून मुलांपर्यंत जातं. शाळेतल्या बाई ते वर्गात एकदा वाचून बघतात. वर्ग चुळबुळायला लागला की पुस्तक कपाटात जातं, कुलूप लागतं. ती संधी दुसऱ्यांदा मिळत नाही. आणि मुलांनी ‘पुन्हा वाचा’ म्हटलं, तर शेजारच्या शाळेच्या बाई तेच पुस्तक मागायला येतात. संपादनाचा उपयोग होतो तो त्या एका वाचनात.

‘एआयकडून करून घेऊ की’ असं तुम्ही म्हणाल, आणि घ्याही. वेलांट्या बऱ्यापैकी सापडतील. पण तो येलदरीच्या भिंतीवर कधी उभा राहिलेला नसतो आणि तुमच्या आवडत्या वाक्यावर तुमच्याशी भांडतही नाही. उलट ‘रम्य प्रभाती’ अजून रम्य करून देण्याची भीती जास्त.

बी.ए.ला मराठी घेतलेल्यांसाठी यात दुसरीही वाट आहे. आपल्या भागात लिहिणारे पुष्कळ, तपासून देणारे मोजके. हे काम शिकता येतं. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक नोव्हेंबर १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक ऑनलाइन फुकट वाचायला मिळतात. एखादी गोष्ट घ्या, तिच्यातलं कुठलं वाक्य काढलं तर काय बिघडतं ते पेन्सिलनं तपासा. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी चित्रकथा आहेत आणि त्या पातळ्यांत लावलेल्या आहेत. पहिल्या पातळीत २५० शब्दांच्या आत गोष्ट संपते. आपली गोष्ट २५० शब्दांत बसवून बघा, संपादकाचं काम काय असतं ते एका संध्याकाळीत कळेल.

आणि तुमची स्वतःची वही तयार असेल तर डीटीपीवाल्याकडं जाऊ नका, आधी आठ कोरे ए-फोर कागद घ्या. एकात एक घालून मधोमध दुमडा, बत्तीस पानांचं कच्चं पुस्तक झालं. गोष्ट त्यात पेन्सिलनं उतरवा, चित्रांच्या जागी चौकोन काढा. ते घेऊन गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीच्या वर्गात बसा, बाईंना वाचायला सांगा आणि तुम्ही मागं बसून पोरांच्या तोंडाकडं बघा. ‘मग?’ कुठं आलं, कंपासपेटीशी खेळणं कुठं सुरू झालं, त्या पानांवर खुणा करा. का कंटाळा आला ते मुलं सांगणार नाहीत. ते संपादकाला विचारा, आणि त्याच्याकडं वही पाठवताना ती खुणांची पानं सगळ्यात वर ठेवा.