विश्लेषण : अमेरिकेत कायरोप्रॅक्टरच्या चिठ्ठीवर एमआरआय होतो, मग बिल का अडकते?

मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेत राहायला गेलेल्या आईची कंबर धरली, की डॉक्टरच्या आधी अनेकदा कायरोप्रॅक्टर गाठला जातो. कारण साधे आहे. स्पेशालिस्टची वेळ मिळायला काही आठवडे लागू शकतात, आणि कायरोप्रॅक्टरचे दुकानवजा क्लिनिक कोपऱ्यावरच्या शॉपिंग प्लाझात असते. दोन-तीन फेऱ्या होतात, दुखणे पायात उतरते आणि तो म्हणतो, ‘एकदा एमआरआय काढून घेऊ.’ स्कॅन होतो, रिपोर्ट मिळतो. मग महिनाभराने बिल येते आणि घरात वाद सुरू होतो : चिठ्ठी तर होती, मग इन्शुरन्सने पैसे का दिले नाहीत?

कायरोप्रॅक्टरला एमआरआय लिहून देण्याचा अधिकार आहे का?

बहुतेक राज्यांत आहे. कायरोप्रॅक्टर हा एमडी नसतो. तो ‘डॉक्टर ऑफ कायरोप्रॅक्टिक’ ही वेगळी पदवी घेतो आणि हाताने मणके, सांधे हलवून उपचार करतो. औषधे लिहून देणे किंवा शस्त्रक्रिया हे सामान्यतः त्याच्या कक्षेत येत नाही. अमेरिकेच्या सर्व ५० राज्यांत या व्यवसायाला परवाना लागतो, पण परवान्यात काय काय बसते हे प्रत्येक राज्याचा कायदा ठरवतो. त्यामुळे एका राज्यातल्या नातेवाइकाचा अनुभव दुसऱ्या राज्यात लागू होईलच असे नाही.

हा अधिकार सहज मिळालेला नाही. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने (एएमए) १९६३ मध्ये भोंदूगिरीविरोधी समिती नेमली आणि कायरोप्रॅक्टर तिचे मुख्य लक्ष्य होते. ‘अशास्त्रीय’ व्यवसायिकांशी व्यावसायिक संबंध ठेवणे एएमएच्या आचारसंहितेत बसत नव्हते. त्यामुळे कायरोप्रॅक्टरने पाठवलेला पेशंट रेडिऑलॉजिस्टने घेणेही अडचणीचे होते. चेस्टर विल्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये शिकागोच्या फेडरल कोर्टात दावा ठोकला. प्रतिवादींत अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजीही होते. १९८७ मध्ये न्यायाधीश सुसान गेट्झेनडॅनर यांनी एएमएला स्पर्धाविरोधी कायद्याच्या भंगासाठी दोषी धरले आणि १९९० मध्ये अपील कोर्टाने तो निकाल कायम ठेवला. मात्र कायरोप्रॅक्टिकचे सगळे दावे शास्त्रीय आहेत, असे कोर्टाने म्हटलेले नाही. निकाल होता तो बहिष्काराबद्दल. ही गोष्ट दोन्ही बाजूंचे समर्थक सोयीने विसरतात.

मग गोंधळ नेमका कुठे होतो?

आपल्याकडे ‘चिठ्ठी’ या एका शब्दात सगळे येते. अमेरिकेत तिथे तीन वेगळे कागद असतात आणि बिल अडकते ते यामुळेच.

पहिला कागद म्हणजे ऑर्डर. कोणत्या भागाचा, कशासाठी, कोणता स्कॅन करायचा हे त्यात असते. कायरोप्रॅक्टर देतो तो हा कागद. स्कॅन सेंटरला मशीन चालवायला तो पुरतो.

दुसरा रेफरल. तुमचा इन्शुरन्स एचएमओ प्रकारचा असेल, तर साधारणपणे तुमच्या प्रायमरी केअर डॉक्टरने पुढे पाठवल्याशिवाय कंपनी पैसे देत नाही. कायरोप्रॅक्टर हा प्रायमरी केअर डॉक्टर नसतो. पीपीओ प्लॅनमध्ये ही अट सहसा नसते.

तिसरा आणि सगळ्यांत त्रासाचा म्हणजे प्रायर ऑथोरायझेशन, अर्थात स्कॅनच्या आधी इन्शुरन्स कंपनीची मंजुरी. मणक्याच्या एमआरआयसाठी अनेक कंपन्या साधारण सहा आठवड्यांच्या उपचारांचा पुरावा मागतात : औषधे, व्यायाम, फिजिओथेरपी. इथे एक गोष्ट पेशंटच्या बाजूने जाते. कायरोप्रॅक्टरकडचे उपचारही बऱ्याच कंपन्या या सहा आठवड्यांत धरतात. म्हणून त्याच्या फाइलमध्ये प्रत्येक भेटीची तारीख, काय तपासले, फरक पडला की नाही, पायाची ताकद किती, हे नीट लिहिलेले असेल तर मंजुरी मिळण्याची शक्यता वाढते. फाइलमध्ये नुसते ‘लोअर बॅक पेन’ एवढेच असेल तर अर्ज परत येऊ शकतो. चार भेटी झाल्यावर आपल्या नोंदींची प्रत मागून घ्यायला हरकत नाही. तो पेशंटचा हक्क आहे.

ज्येष्ठांच्या मेडिकेअरचे काय?

इथे नियम स्पष्ट आहे आणि तो बहुतेकांना माहीत नसतो. ६५ वर्षांवरील नागरिकांसाठीच्या मेडिकेअरचा पार्ट बी कायरोप्रॅक्टरच्या एकाच कामाचे पैसे देतो : मणक्यातील ‘सबलक्सेशन’, म्हणजे सांध्याच्या स्थितीतला किंवा हालचालीतला दोष, हाताने दुरुस्त करणे. त्याने सांगितलेला एक्स-रे, मसाज किंवा एमआरआय यांचे पैसे मेडिकेअर देत नाही. तोच एमआरआय, त्याच मशीनवर, त्याच तक्रारीसाठी, उपचार करणाऱ्या एमडी डॉक्टरने सांगितला आणि तो वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक असेल, तर मेडिकेअर पैसे देते. फरक फक्त सहीचा.

याहून विचित्र नियम पूर्वी होता. २००० सालापर्यंत कायरोप्रॅक्टरच्या उपचारांचे पैसे हवे असतील तर एक्स-रेचा पुरावा मेडिकेअरला लागायचा, पण तो एक्स-रे कायरोप्रॅक्टरने काढला तर त्याचे पैसे मात्र मिळायचे नाहीत.

ग्रीन कार्डवर गेलेल्या आईवडिलांना मेडिकेअर लगेच मिळत नाही. अमेरिकेत कामाचा इतिहास नसेल तर वयाची ६५ वर्षे आणि सलग पाच वर्षांचे वास्तव्य झाल्यावर प्रीमियम भरून ते घेता येते. व्हिजिटर व्हिसावर गेलेल्यांना मेडिकेअर नाहीच. त्यांच्या ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये जुन्या आजारांना सहसा वगळलेले असते आणि कंबरदुखी ‘जुनी’ ठरवणे कंपनीला फारसे अवघड जात नाही.

पण एमआरआय खरेच लागतो का?

सहा आठवड्यांची अट ऐकून इन्शुरन्स कंपनी पैसे वाचवते आहे असे वाटते. वाचवतेही. तरी या अटीला वैद्यकीय आधार आहे. अमेरिकन कायरोप्रॅक्टिक असोसिएशननेच २०१७ मध्ये आपल्या सदस्यांना सांगितले, की धोक्याची लक्षणे नसतील तर नव्या कंबरदुखीत पहिले सहा आठवडे मणक्याचे स्कॅन करू नका.

कारण मणक्याच्या एमआरआयमध्ये काहीतरी सापडतेच. ‘अमेरिकन जर्नल ऑफ न्यूरोरेडिऑलॉजी’मध्ये २०१५ साली आलेल्या आढाव्यात पाठ अजिबात न दुखणाऱ्या ३,११० जणांच्या स्कॅनचे निष्कर्ष एकत्र केले होते. विशीतल्या ३७ टक्के लोकांत चकतीची झीज दिसली, पन्नाशीतल्या ८० टक्क्यांत. चकती फुगलेली दिसण्याचे प्रमाण पन्नाशीत ६० टक्के होते. म्हणजे रिपोर्टवरचा ‘डिस्क बल्ज’ हा बऱ्याचदा पांढऱ्या केसांसारखा वयाचा भाग असतो.

दुसरा अभ्यास आणखी अस्वस्थ करणारा आहे. ‘द स्पाइन जर्नल’मध्ये २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ६३ वर्षांच्या एकाच महिलेचा तीन आठवड्यांत दहा वेगवेगळ्या केंद्रांत एमआरआय केला गेला. दहा रिपोर्टमध्ये मिळून ४९ वेगवेगळे निष्कर्ष निघाले, पण दहाही रिपोर्टमध्ये असलेला एकही नव्हता. इंजिनीअरिंगच्या लॅबमध्ये दहा मीटरनी असे दहा आकडे दाखवले असते, तर आम्हाला प्रयोग पुन्हा करायला लावला असता.

याला अपवाद आहेत आणि ते पाठच असायला हवेत. लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, जांघेत आणि बसण्याच्या जागी बधिरपणा, पायाची ताकद झपाट्याने कमी होणे, कंबरदुखीसोबत ताप, पूर्वी झालेला कॅन्सर, पडणे किंवा अपघात. यातले काही असेल तर सहा आठवडे थांबायचे नाही. मणका हलवून घ्यायचा नाही. यातली पहिली तीन लक्षणे दिसली तर कायरोप्रॅक्टरच्या ऑर्डरची वाट न पाहता थेट इमर्जन्सी गाठायची.

खिशातून भरावे लागले तर?

एकाच स्कॅनचा दर काही शे डॉलरपासून काही हजार डॉलरपर्यंत असू शकतो आणि हॉस्पिटलपेक्षा स्वतंत्र सेंटर बहुधा स्वस्त पडते. १ जानेवारी २०२२ पासून लागू असलेल्या ‘नो सरप्राइजेस’ कायद्यानुसार स्वतः पैसे भरणाऱ्याला आधी लेखी अंदाजपत्रक मिळण्याचा हक्क आहे. बिल त्यापेक्षा ४०० डॉलर किंवा अधिक वाढले तर तक्रार करता येते. स्कॅन सेंटरमध्ये आपली भागीदारी आहे का, हेही कायरोप्रॅक्टरला सरळ विचारावे. राग आला तर येऊ द्या.

भारतात कायरोप्रॅक्टरची स्थिती वेगळी आहे. फिजिओथेरपी २०२१ च्या सहयोगी आरोग्यसेवा कायद्याखाली आली, पण कायरोप्रॅक्टिकसाठी आपल्याकडे स्वतंत्र राष्ट्रीय परिषद नाही. इन्स्टाग्रामवर कडाकड मान मोडून दाखवणाऱ्याची पदवी कोणती, हे पेशंटनेच तपासायचे. पुण्या-मुंबईत एमआरआयसाठी सेंटर सहसा डॉक्टरचीच चिठ्ठी मागते.

अमेरिकेतला नियम बदलणार का?

प्रयत्न सुरू आहेत. कायरोप्रॅक्टरला राज्याच्या परवान्यानुसार ज्या सेवा देता येतात, त्या सर्वांचे पैसे मेडिकेअरने द्यावेत, असे विधेयक अमेरिकी काँग्रेसमध्ये जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा मांडले गेले. आधीच्या काँग्रेसमध्येही ते आले होते, पण मंजुरीपर्यंत पोहोचले नाही. खासगी इन्शुरन्स कंपन्यांच्या प्रायर ऑथोरायझेशनला हे विधेयक हात लावत नाही.