कथेचा धनी कोण?

पुण्याहून येताना नीरा ओलांडली की शिरवळापासून सातारा जिल्हा लागतो. याच जिल्ह्यात कोरेगावी नारायण हरि आपटे राहिले. १९२५ सालचा मूकपट ‘सावकारी पाश’, पुढे ‘अमृतमंथन’ (१९३४) व ‘कुंकू’ (१९३७), या तिहींच्या कथा त्यांच्या लेखणीतल्या. ‘कुंकू’तील नीरा (नावाचा योगायोग पाहा!) मामाने फसवून वृद्ध वकिलाशी लावलेले लग्न मानीतच नाही. त्याचे मूळ ‘न पटणारी गोष्ट’ ही कादंबरी. कादंबरी एकेकट्याने, माजघरात दडूनही वाचता येते. चित्रपटगृहात मात्र सासरा, सून नि उपवर नात यांना एकाच रांगेत बसून नीरेचा नकार ऐकावा लागला. शांतारामबापूंचे दिग्दर्शन, शांता आपटे यांचा अभिनय आम्ही आजही वाखाणतो. कथाकाराचे नाव विचारले की घरात शांतता पसरते.