आग्या मोहोळ आणि ४५ कोटी वर्षांची चूक

मागच्या महिन्यात आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. 'भीमबेटकाच्या गुहेत ५५ कोटी वर्षांपूर्वीचा प्राणी सापडला, जगातल्या सर्वांत जुन्या प्राण्यांपैकी एक!' सोबत फोटो. पानासारखा आकार, मधून शिरा निघाल्यासारख्या रेषा. दहा मिनिटांत तीस लाइक्स आणि तिरंगे.

बातमी खोटी नव्हती. २०२१ मध्ये ती खरंच छापून आली होती, तीही नावाजलेल्या संशोधनपत्रिकेच्या आधाराने. अडचण एवढीच की २०२३ मध्ये तो 'प्राणी' म्हणजे मधमाश्यांचं पोळं निघाला. पहिली बातमी सगळ्यांपर्यंत पोचली, दुसरी वाटेतच राहिली.

मी सॉफ्टवेअरवाला, भूगर्भशास्त्रज्ञ नाही. पण हे प्रकरण वाचताना 'इतक्या कोटी वर्षांपूर्वीचा' हा आकडा येतो कुठून, हे पहिल्यांदा नीट कळलं. तेच इथे मांडतोय.

नेमकं काय झालं?

भीमबेटका भोपाळजवळ आहे. गुहाचित्रांसाठी प्रसिद्ध, २००३ पासून जागतिक वारसा स्थळ. १९५७ मध्ये ही चित्रं जगासमोर आणणारे विष्णू श्रीधर वाकणकर आपल्यापैकी अनेकांनी शाळेत वाचलेले असतील.

मार्च २०२० मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठाचे ग्रेगरी रिटॅलक आणि त्यांचे सहकारी तिथे गेले. त्यांना एका गुहेत वर दगडावर तो पानासारखा आकार दिसला. तो 'डिकिन्सोनिया' असल्याचं त्यांनी 'गोंडवाना रिसर्च' या पत्रिकेत मांडलं.

डिकिन्सोनिया हे मोठं नाव आहे. तोंड नाही, हाडं नाहीत, चपटा मऊ जीव. ऑस्ट्रेलियातल्या एडिआकारा टेकड्यांत तो पहिल्यांदा ओळखला गेला. २०१८ मध्ये रशियातल्या श्वेत समुद्राच्या किनाऱ्यावरच्या नमुन्यांत कोलेस्टेरॉलचे अंश सापडले आणि तो प्राणीच होता, याला मोठा पुरावा मिळाला. त्या नमुन्यांचं वय ५५.८ कोटी वर्षं. असा जीव भारतात सापडणं ही खरोखर मोठी गोष्ट ठरली असती.

मग फ्लोरिडा विद्यापीठाचे जोसेफ मीर्ट आणि त्यांचे सहकारी तिथे स्वतः जाऊन आले. तोवर 'जीवाश्म' दगडावरून सोलून निघू लागलं होतं. जवळच मोठ्या मधमाश्यांची पोळी होती, आपल्या कडेकपारीला लटकतं ते आग्या मोहोळ. गळून पडलेल्या पोळ्याचा दगडाला चिकटून राहिलेला अवशेष म्हणजेच तो 'प्राणी'. २०२३ मध्ये त्याच पत्रिकेत हे छापून आलं आणि रिटॅलक यांनी चूक मान्य केली.

दगडावर की दगडात?

मऊ शरीराचा जीव मेला की सहसा कुजतो आणि संपतो. जीवाश्म व्हायचं तर तो लवकर गाळाखाली गाडला जावा लागतो. डिकिन्सोनियाच्या बाबतीत समुद्रतळावरच्या सूक्ष्मजीवांच्या थराने मदत केली. वाळू येऊन पडली, शरीराचा ठसा उमटला, थरावर थर चढले आणि वाळूचा खडक झाला.

म्हणजे ठसा असतो तो खडकाच्या दोन थरांच्या मध्ये, खडकाचाच भाग म्हणून. भीमबेटकाचा आकार दगडाच्या वर चिकटलेला होता. अडचण ही की गुहेतल्या उंच छताकडे बघताना किंवा फोटोत हा फरक कळत नाही.

यात हसण्यासारखं काही नाही, कारण मीही फसलोय. एका सहलीत 'झाडाचं जीवाश्म' म्हणून तीनशे रुपयांना दगड घेतला. आत नेच्याच्या पानासारखी सुंदर काळी नक्षी. भूगर्भशास्त्र शिकलेल्या मैत्रिणीने एका नजरेत सांगितलं, 'हे मँगनीजचं खनिज आहे, फटीतून पाण्याबरोबर पसरतं.' दगड अजून टेबलावर आहे, पेपरवेट म्हणून.

५५ कोटी हा आकडा मोजलाच नव्हता

मला सर्वांत धक्का बसला तो इथे. मला वाटायचं जीवाश्म सापडलं की मशीनमध्ये घालतात आणि वय छापून येतं. 'कार्बन डेटिंग' हा शब्द आपण ऐकलेला असतो. पण कार्बन-१४ दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो. साधारण ५० हजार वर्षांपलीकडे मोजण्याएवढा उरतच नाही. कोटींच्या हिशोबात त्याचा उपयोग शून्य.

भीमबेटकाच्या वेळी तर्क असा होता: हा डिकिन्सोनिया आहे, डिकिन्सोनिया साधारण ५५ कोटी वर्षांपूर्वी जगला, म्हणून हा खडकही तेवढाच जुना. ही पद्धत चुकीची नाही. ओळखीच्या जीवाश्मावरून खडकाचं वय ठरवणं जगभर चालतं. पण अशा वेळी वय ओळखीवर टेकलेलं असतं. ओळख पडली की वयही पडतं.

मग खडकाचं वय कसं काढतात?

यासाठी झिरकॉन नावाचा बारीक खनिजकण कामाला येतो. तो तयार होताना युरेनियमला आत घेतो, शिशाला जवळपास बाहेर ठेवतो. नंतर युरेनियम-२३८ हळूहळू शिशात बदलत जातं, ४४७ कोटी वर्षांत निम्मं. १०० कोटी वर्षांच्या कणात मूळ शंभर अणूंपैकी साधारण ८६ उरतात, ५५ कोटींच्या कणात ९२. उरलेलं युरेनियम आणि तयार झालेलं शिसं मोजलं की कणाचं वय मिळतं.

पण हे वय कणाचं, वाळूच्या खडकाचं नाही. समजा तुम्ही जुन्या फोटोंची पीडीएफ केली. त्यात २०१५, २०१८ आणि २०२१ चे फोटो आहेत. ती २०२१ च्या आधी बनलेली नाही, एवढं नक्की. २०२१ मध्ये बनली की २०२४ मध्ये, हे फोटो सांगत नाहीत. झिरकॉन तसेच आहेत. भीमबेटकाच्या खडकगटात, म्हणजे वरच्या विंध्य खडकांत, सर्वांत तरुण कण १०० कोटी वर्षांच्या आसपासचे आहेत. खडक त्याहून जुना असू शकत नाही, तरुण मात्र असू शकतो. ५५ कोटींचा दावा शिरला तो याच फटीतून.

ही फट बुजवायला दुसरा पुरावा लागतो. खडक तयार होताना त्यात पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा नोंदली जाते. वरच्या विंध्य खडकांतली दिशा पन्नाजवळच्या मझगवाँ इथल्या हिरे देणाऱ्या ज्वालामुखी खडकाशी जुळते आणि त्याचं वय सुमारे १०७ कोटी वर्षं आहे. म्हणून मीर्ट यांच्या मते हे खडक १०० कोटींच्या जवळचे आहेत. पोळं डिकिन्सोनिया ठरलं असतं तर अख्ख्या खोऱ्याचं वय ४५ कोटींनी कमी धरावं लागलं असतं.

४५ कोटी म्हणजे किती?

पृथ्वीचा इतिहास हा एक फीड समजा, १ सेंटिमीटर म्हणजे १ लाख वर्षं. ४५४ कोटी वर्षांचा फीड ४५४ मीटर लांब होईल. शिवराज्याभिषेक आजपासून केसाच्या जाडीएवढाही दूर नाही. आपली मानवजात शेवटच्या ३ सेंटिमीटरमध्ये. सह्याद्रीचा काळा दगड ज्या लाव्हारसातून झाला तो सुमारे साडेसहा मीटर मागे. डिकिन्सोनिया ५६ मीटरवर आणि विंध्य खडक १०० मीटरच्या आसपास. मधली ४५ मीटरची जागा एका पोळ्याने खाल्ली होती.

पुढचा फॉरवर्ड आला की

तीन गोष्टी बघा. वस्तू दगडात आहे की दगडावर? वय मोजलंय की ओळखीवरून धरलंय? आणि बातमी कुठल्या वर्षाची, त्यानंतर कोणी जाऊन पाहिलं का? तिसऱ्यासाठी दोन मिनिटांचा सर्च पुरतो. जीवाश्माचं आणि ठिकाणाचं नाव टाका, बातम्या तारखेनुसार लावा, सर्वांत नवी आधी वाचा.

मी ग्रुपवर २०२३ ची बातमी टाकली. लाइक्स चार. एकाने लिहिलं, 'म्हणजे शास्त्रज्ञांचाही भरवसा नाही!' मला उलट वाटतं. ज्यांनी दावा केला त्यांनीच नाव घेऊन चूक कबूल केली आणि ज्या पत्रिकेत दावा आला तिथेच दुरुस्तीही आली. ग्रुपवरचा मूळ फॉरवर्ड मात्र अजून तसाच आहे. डिलीट कोणी केला नाही.