ऐकून घेणारीचे श्रम फुकट का?

ठाण्यापासून डोंबिवली-कल्याणपर्यंत ज्येष्ठ नागरिक संघ, महिला मंडळे आणि वाचनालये यांच्या आधाराने संगणक-मोबाईल शिकण्याचे गट चालतात. अशा मंडळात यंत्र दुरुस्त करणाऱ्याला पैसे द्यायचे, हे कुणाला सांगावे लागत नाही. मानसशास्त्र शिकलेल्या बाईला मात्र ‘रविवारी जरा येऊन बोला’ असे आमंत्रण जाते. निघताना हातात गुलाबाचे फूल!

तिचे काम खरोखर ‘जरा बोलण्याचे’ आहे का? ‘हात लावू नकोस, बिघडेल’ हे आयुष्यभर ऐकलेल्या बाईचे बोट कळफलकावर थबकते. कोणते बटण दाबायचे ते तंत्रज्ञ सांगतो. बोट का थबकते ते मानसशास्त्रज्ञ ओळखते. खोटा पोलीस व्हिडिओ कॉलवर ‘डिजिटल अटक’ करतो, तेव्हाही तो संगणकाशी कमी आणि माणसाच्या भीतीशी जास्त खेळतो. कायद्यात अशी अटकच नाही आणि तक्रारीसाठी 1930 हा क्रमांक आहे, ही माहिती फलकावर लिहिता येते. पण फसलेली बाई शरमेने घरातही बोलत नाही. तिला बोलते करायला प्रशिक्षित कान लागतो.

हा कान बाईचाच आणि तोही विनामूल्य, असे आपण गृहीत धरतो. 1966 साली अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये जोसेफ वायझेनबाउम यांनी मानसोपचारतज्ज्ञासारखे प्रश्न विचारणारा संगणक-प्रोग्रॅम तयार केला. त्याला नाव दिले ‘एलायझा’, म्हणजे शॉच्या ‘पिग्मॅलियन’ची नायिका, आपल्या ‘ती फुलराणी’तली मंजुळा! समोरच्याचेच शब्द फिरवून विचारणाऱ्या त्या यंत्रापाशी लोक मन मोकळे करू लागले, तेव्हा त्याचा निर्माताच अस्वस्थ झाला. आज त्याहून कितीतरी सफाईने बोलणारे प्रोग्रॅम मोबाईलवर फुकट मिळतात. मग मानसशास्त्रज्ञ हवीच कशाला, असे मंडळांनाही वाटू लागेल. पण नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईबरोबर पोलीस ठाण्यात किंवा 2005 च्या कायद्याखालील संरक्षण अधिकाऱ्याकडे तो प्रोग्रॅम जाणार आहे का?

स्वयंसेवेला विरोध नाही. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 साली सुरू केलेली ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ ही संस्था व्यावसायिक तज्ज्ञ आणि प्रशिक्षित स्वयंसेवक अशा दोघांच्या बळावर उभी आहे. स्वयंसेवा म्हणजे प्रशिक्षण आणि जबाबदारी. पण ती स्वेच्छेने केलेली असली पाहिजे, गृहीत धरलेली नव्हे.

केंद्र सरकारच्या 2019 च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरातले बिनमोल काम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटे घालवतात. असे काम करणारे पुरुष 97. आठवडाभर लोकलचे धक्के खात नोकरी करणारी मानसशास्त्रज्ञही या हिशेबातून सुटत नाही. तिचा रविवार रिकामा नसतो. तो ती कुठून तरी कापून आणते. एम. ए., पुढचे प्रशिक्षण, चिकित्सा-मानसशास्त्रासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी, एवढी वर्षे खर्चून मिळवलेल्या ज्ञानाला आपण ‘बाईचा मूळचा समजूतदारपणा’ म्हणतो आणि त्याची किंमत शून्य करून टाकतो.

म्हणून मंडळांकडे तीन मागण्या कराव्यात. अंदाजपत्रकात तिच्या मानधनाची रक्कम ठेवा. कार्यकारिणीत तिला जागा द्या, म्हणजे काय शिकवायचे हे ठरवताना तिचे मत मोजले जाईल. तिने मानधन नाकारले तरी तिने दिलेले तास वार्षिक अहवालात नोंदवा.

मैत्रिणींनो, घरकामाचे मोल मागायला आपण बाहेर पडलो. मग घराबाहेरचे ऐकून घेण्याचे काम आपणच फुकट का द्यायचे? पुढच्या वेळी ‘जरा येऊन बोला’ असे आमंत्रण आले, तर आधी हा प्रश्न विचारा.