सावित्रीचा हिशेब ऑक्टोबरात मांडा

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, रायगड
अलिबाग

महाड आणि पोलादपूर तालुक्यांसाठी आपल्या कार्यालयात दरवर्षी दोन आराखडे होतात, एक टंचाईचा आणि एक पुराचा. मे महिन्यात कोणत्या वाडीला टँकर लागेल हे पहिल्यात असतं. जुलैत महाडच्या बाजारपेठेत पाणी चढलं तर बोटी कुठून येतील हे दुसऱ्यात. दोन्ही कागद एकाच नदीचे आहेत, पण ते एकमेकांसमोर ठेवून वाचलेले आम्हाला कधी दिसले नाहीत. ते एकत्र वाचावेत, एवढ्यासाठी हे पत्र.

सावित्री उगम पावते महाबळेश्वरला, म्हणजे सातारा जिल्ह्यात. पोलादपूर, महाड करत ती खाडीला लागते, तेव्हा तिचा एक काठ रायगडचा आणि दुसरा रत्नागिरीचा असतो. उगमाकडे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तरीही होळी झाली की पोलादपूरच्या वरच्या वाड्यांतल्या बाया ओढ्यात खणलेल्या डवऱ्यातून वाटीवाटीने पाणी भरताना दिसतात. आणि मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी घरी येतात, तेव्हा विहिरीत सर्वांत कमी पाणी आणि घरात सर्वांत जास्त माणसं, अशी गत होते.

कारण या वाड्या नदीवर जगत नाहीत, झऱ्यांवर जगतात. आमचा डोंगर काळ्या कातळाच्या थरांचा. पाणी मुरतं ते भेगांतून आणि दोन थरांमधल्या सांध्यातून, आणि बाहेर येतं ते कधी पलीकडच्या उतारावर, कधी दुसऱ्याच ग्रामपंचायतीत. झरा एका गावाचा आणि त्याला पाणी पुरवणारं रान दुसऱ्या गावाचं, असं सर्रास असतं. वरचं मालकीचं रान तुटलं की खालच्या वाडीची विहीर महिनाभर आधी आटते, आणि त्याची दाद कुठे मागायची हे कोणालाच माहीत नसतं. जलजीवन मिशनचा माणशी ५५ लिटरचा नळ दारात आला, याचा आनंद आहे. पण ज्या विहिरीवर तो नळ चालतो ती आटली की तोही कोरडा.

यावर सोपा उपाय सांगितला जातो : डोंगरावर चर खणा, पाणी जिरवा. इथेच दोन आराखड्यांची गाठ पडायला हवी. २२ जुलै २०२१ च्या त्या एका दिवसात महाबळेश्वरला सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला, महाड बुडालं आणि महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसं गेली. २००५ च्या जुलैत दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते या गावांनी हेच भोगलं होतं. ज्या उतारावर पाणी जिरवल्याने झरा जगतो, तसाच दुसरा उतार पाणी जिरलं म्हणून सुटू शकतो. कुठला कोणता, हे डोळ्यांनी कळत नाही. भूजल सर्वेक्षण यंत्रणेने झऱ्यांचे नकाशे करावेत, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने धोक्याचे उतार दाखवावेत, आणि हे दोन्ही एका कागदावर येईपर्यंत कोणीही डोंगरावर यंत्र चढवू नये. महाडजवळ नदीतला गाळ काढतात, तो काढायलाच हवा. पण तो सुटतो वरून, आणि वर त्याचा विचार करणारं कोणी नाही.

आता मुख्य मागणी. देशावर १५ ऑक्टोबरला धरणांचा साठा मोजतात, मग कालवा सल्लागार समिती बसते. पाण्याची आवर्तनं किती, कोणाला आधी, यावर तिथे कडाक्याचं भांडण होतं, पण ते उघड होतं. आमच्याकडे कालवा नाही म्हणून बैठकही नाही. सावित्री खोऱ्याची अशी बैठक आपण दर ऑक्टोबरात बोलवावी. त्या वेळी पऱ्ये, म्हणजे डोंगरातले ओढे, वाहते असतात, वनराई बंधारे घालायला हंगाम हाताशी असतो. जानेवारीत घातलेल्या बंधाऱ्यात अडवायला पाणी कितीसं उरतं?

या बैठकीत महाड नगरपरिषद हवी, औद्योगिक वसाहत हवी, पाटबंधारे आणि वन खातं हवं, सातारा आणि रत्नागिरीचे अधिकारी हवेत. वसाहतीने किती पाणी उचललं आणि कसं परत सोडलं, हे आकड्यांत सांगावं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत सावित्री आहे, त्यामुळे ही विचारणा वावगी नाही. आम्हा शेतकऱ्यांनाही तिथे उत्तर द्यावं लागेल. फेब्रुवारीनंतर वरच्या मळ्यातली मोटर दिवसभर चालली तर खालच्या वाडीचा पऱ्या तुटतो. मोटरीचे दिवस ठरवून घ्यायला आमची तयारी हवी, आणि ती होईल. बिरवाडीच्या वरच्या अंगाला वाळण कोंडात देवीचे मासे कोणी धरत नाही. तिथे ना पहारा ना दंड. सर्वांनी मानलेला नियम या खोऱ्यात पिढ्यानपिढ्या टिकतो.

बैठकीच्या यादीत कातकरी वाडी, धनगरवाडा, बौद्धवाडी यांची नावं आधी लिहा. महाड नगरपालिकेने चवदार तळं सर्वांना खुलं करण्याचा ठराव १९२४ मध्ये केला होता. तरी डॉ. आंबेडकरांना २० मार्च १९२७ रोजी लोकांसह तळ्यावर जाऊन पाणी प्यावं लागलं, आणि उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. ठराव आणि ओंजळ यांत किती अंतर असतं, हे या गावाने पाहिलेलं आहे.

पहिली बैठक अलिबागला नको, पोलादपूरला घ्या. पावसाळा संपलेला असेल, वरच्या वाड्यांतून माणसं चालत येऊ शकतील. झऱ्यांची यादी आणि कोणता कधी आटतो याची नोंद आम्ही गावोगाव करून आणतो. तारीख तेवढी आपण कळवा.

आपला,
सावित्री खोऱ्यातला एक शेतकरी